ओटीवरून समुद्र दिसू लागला तेव्हा

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकले. ईद होऊन नऊच दिवस झाले होते. श्रीवर्धनला माझी फुफी एकटी राहते. तिचा मुलगा कुवेतला असतो. रात्री त्याचा मला मुंब्र्याला फोन आला, “आपा, अम्मीचा फोन लागत नाही.” माझाही लागत नव्हता. विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर, सगळेच आडवे झाले होते. चार दिवस आम्ही दोघे एकमेकांनाच फोन करत राहिलो.

पाचव्या दिवशी मोहल्ल्यातला एक मुलगा झाडे पडलेल्या रस्त्यातून वाट काढत मोटारसायकलवरून माणगावपर्यंत आला. रेंज मिळताच त्याने खिशातल्या कागदावरचे नंबर एकेक करून फिरवायला घेतले. माझा नंबर लागला तेव्हा तो घाईत होता. “फुफी बरी आहे, घराचं छप्पर गेलं, वाडी गेली,” एवढे बोलून त्याने पुढचा नंबर लावला.

लॉकडाऊनमुळे जिल्हा ओलांडायला पास लागत होता. तो मिळून मी पोहोचले तोवर जून संपत आला होता. म्हसळ्याच्या पुढे रस्ता ओळखू येईना. एरवी झाडीत दडलेली घरे उघडी पडली होती, त्यांच्यावर निळ्या ताडपत्र्या होत्या. फुफीच्या ओटीवर बसले आणि समोर समुद्र दिसला. लहानपणापासून त्या ओटीवरून समुद्र फक्त ऐकू यायचा.

लोक विचारतात, वादळात काय झाले? फुफी सांगते, वादळ दुपारचे होते, संध्याकाळी गेले. खरे हाल त्यानंतरचे. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे विहीर भरलेली असून पाणी नाही. रहाट कधीच मोडून जळणात गेला होता. माळ्यावर एक गंजकी कप्पी सापडली, तिला खोबरेल लावून दोर ओवला आणि अडुसष्ट वर्षांची बाई चाळीस वर्षांनी पाणी शेंदायला लागली. वुजूसाठी ती पागोळ्याखाली पातेले ठेवायची. मी गेले तेव्हा तिच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. दोन दिवसांत माझ्याही हातांना फोड आले. पाणी किती लागते हे मला तेव्हा कळले. एका माणसाच्या भांड्यांना, कपड्यांना, आंघोळीला किती कळश्या लागतात, हे नळ सोडून कधी मोजलेच नव्हते.

कोकणात मे महिन्यात आगोट भरतात. तांदूळ, मसाला, सुके बोंबील, जवळा, जळण. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून चार महिन्यांची बेगमी आधीच घरात असते. ती सगळी त्या दुपारी भिजली. मसाल्याला बुरशी आली, जवळ्याला अळ्या पडल्या. दारात इतकी झाडे पडलेली, पण ओले लाकूड पेटेना, नुसता धूर. तांदूळ फुफीने पंख्याविना, उन्हाविना, चुलीच्या उबेवर परातीत पसरून सुकवला. त्याच्या भाकरीला वास यायचा. आम्ही ती खाल्ली.

मोबाइल चार्ज करायला जनरेटर असलेल्या दुकानात जावे लागे. तिथे एका पाटावर वीस-पंचवीस फोन ओळीने, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. चार्ज झाला तरी रेंजसाठी टेकडीवर चढायचे. त्याच सुमारास शाळा ‘ऑनलाइन’ सुरू झाल्या होत्या. टेकडीवर छत्री धरून उभी असलेली मुले पाहिली, तेव्हा हसावे की रडावे कळेना.

कौले मिळत नव्हती, पत्र्यांचे भाव चढले होते आणि पत्रे ठोकणारा सुतार मिळणे सगळ्यांत कठीण. बाहेरगावचे कामगार लॉकडाऊनमध्ये आपापल्या गावी गेलेले. शेवटी शेजारचे काका आणि त्यांचा मुलगा छपरावर चढले. त्यांचे स्वतःचे अर्धे घर तेव्हा ताडपत्रीखालीच होते.

पण फुफी रडली ती वाडीसाठी. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ उंच आणि सडपातळ, वाऱ्याने मधोमध मोडते. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. पोफळीला आणि माडाला एकच शेंडा असतो, तो गेला की झाड संपले. पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले, तेही तिच्याबरोबर गेले. महिन्याचे वाणसामान याच वाडीवर चालायचे. मुलगा पैसे पाठवतो, पण फुफी म्हणते, “ते पैसे त्याचे. सुपारीचे माझे.”

सरकारने फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. गुंठ्याला ५०० रुपये. इथे वाड्या गुंठ्यांत मोजतात. ओरड झाल्यावर झाडामागे हिशेब ठरला: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. पडलेले झाड तोडून बाजूला करायला मजूर त्याहून जास्त मागत होता. शिवाय सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारस चौदा, त्यातले तिघे दक्षिण आफ्रिकेत. सगळ्यांच्या संमतीचे कागद गोळा करता करता बकरी ईद येऊन गेली. त्या ईदलाही आमच्या आळीत मेणबत्त्याच होत्या.

मी तिला मुंब्र्याला चल म्हटले, मुलाने कुवेतहून विनवले. तेवढ्यात एक गृहस्थ वाडी विकत घ्यायला आले. पर्यटकांसाठी खोल्या बांधणार होते. “झाडं तोडायचा त्रास नाही आता,” असे ते सहज बोलून गेले. फुफीने त्यांना चहा दिला आणि पाठवून दिले. मला वाटले, चूक करते आहे. पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षे, आणि हिचे वय अडुसष्ट. मी तसे बोललेही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नंतर कळले की पोफळीचे रोप उघड्या उन्हात जगत नाही. आधी केळी लावाव्या लागतात, त्यांच्या सावलीत पोफळी. मोठी वाडी असताना हा प्रश्नच नव्हता, जुन्या झाडांची सावली असायची. फुफीने पहिले वर्ष नुसत्या केळी लावल्या. दुसऱ्या वर्षी साठ रोपे, त्यातली एकेचाळीस जगली.

मागच्या वेळी गेले तेव्हा केळींच्या पानांआड समुद्र निम्मा झाकला होता. वीज आहे, पंप नीट चालतो. विहिरीवरची कप्पी मात्र तिने काढलेली नाही. निघताना मला म्हणाली, “येताना मुंब्र्याहून चांगला काथ्याचा दोर घेऊन ये. नायलॉनचा नको, हात कापतो.”