तिसरें छिद्र

घरांतील जुन्या वस्तूंविषयीं आमच्या मनांत एक भाबडा आदर असतो. पितळेचे डबे, शिसवी पाट, आजोबांचें घड्याळ. जें इतकीं वर्षें टिकलें तें चांगलेंच असणार, असा आमचा साधा सिद्धान्त. सदाशिव पेठेंतील आमच्या घराच्या विजेच्या तारांनाहि आम्हीं याच सिद्धान्ताचा लाभ दिला होता. वडिलांनीं त्या १९५८ सालीं बसवून घेतल्या. रबराच्या वेष्टनाच्या, सागवानी पट्ट्यांवरून नेलेल्या. त्या सागवानाचें कौतुक आम्ही पाहुण्यांना ऐकवीत असूं. आंतल्या रबराचें काय झालें असेल, हा प्रश्न मात्र आम्हांस कधीं पडला नाहीं.

स्वयंपाकघरांत तारेच्या वेटोळ्याची, हजार वॅटची एक जुनी शेगडी होती. "अहो, हिला हात लावला कीं मुंग्या येतात," अशी आमच्या सौभाग्यवतींची वर्षानुवर्षांची तक्रार. फरशी ओली असली म्हणजे तर हटकून. "वय झालं तुझं, दुसरं काय!" असें म्हणून आम्ही वर्तमानपत्रांत तोंड घालीत असूं. अखेर तिनेंच लाकडी पाटावर उभें राहून स्वयंपाक करण्याची युक्ति काढली. मुंग्या थांबल्या, तक्रारहि थांबली. आम्हांस वाटलें, प्रश्न सुटला.

गेल्या वर्षीं चिरंजीवांनीं दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी आणून त्याच ठिकाणीं लावली. चार दिवसांत भिंतीवरच्या बोर्डाला करपट वास येऊं लागला, तेव्हां परवाना असलेल्या वायरमनला बोलावणें भाग पडलें. त्यानें प्रथम मेन स्विच बंद केला, तार खरोखरच निर्जीव झाली आहे अशी खात्री करून घेतली, आणि मगच हात घातला.

फ्यूज उघडतांच त्यानें आमच्याकडे पाहिलें. बारीक तारेच्या जागीं तांब्याचा जाड पीळ होता. तो प्रताप आमचाच. पूर्वीं शेगडीबरोबर मिक्सर लावला कीं फ्यूज उडे. तो पुन्हा उडूं नये म्हणून आम्हीं ही बळकटी आणिली होती, आणि घरांत शाबासकीहि मिळविली होती! घरांत खरें बोलणारा तो एकटा. त्याचेंच तोंड आम्हीं बंद केलें होतें.

मग त्यानें हिशेब सांगितला. दोन हजार वॅटला २३० व्होल्टवर सुमारें पावणेनऊ अँपिअर प्रवाह लागतो. आमचें सॉकेट पांच अँपिअरचें. प्रवाह दुप्पट झाला तर तारेंतील उष्णता चौपट होते. पट्टी उचकटल्यावर रबराचा भाजलेल्या पापडासारखा चुरा खालीं पडला.

परंतु खरें पुढेंच होतें. सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या छिद्राची तार त्यानें हातानें ओढली, तों ती वीतभर येऊन संपली. ती जमिनीपर्यंत गेलीच नव्हती. उपकरणांतून निसटलेली वीज जमिनींत नेऊन फ्यूज उडविणें हें या तारेचें काम. तीच तुटल्यामुळें ती वीज इतकीं वर्षें स्वयंपाक करणाऱ्या हातांतून वाट काढीत होती. आमची नजर आपोआप त्या पाटाकडे गेली. बोलावयास शब्द उरले नाहींत.

दोन दिवस काम चाललें. शेगडीसाठीं मेन बोर्डापासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आली. सोळा अँपिअरचें सॉकेट आणि तिचा निराळा एमसीबी आला. अर्थिंग नव्यानें केलें. तीस मिलिअँपिअर वीज बाहेर झिरपली तरी क्षणार्धांत पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसला. जुन्या तारा काढून टाकल्या, जुनी शेगडीहि मोडींत गेली. आमचा सिद्धान्त त्यांच्याबरोबरच गेला असावा.

पाट आतां पुन्हा जेवणाच्या पंक्तीला आला आहे. त्याबद्दल सौभाग्यवती कांहींच बोलल्या नाहींत. फक्त आरसीसीबीची चाचणीची कळ दर महिन्याला दाबून पाहण्याचें काम त्यांनीं आमच्याकडे सोंपविलें आहे. आणि तें आम्ही, एरवींचा आळस बाजूस ठेवून, न चुकतां करतों.