पंचनाम्यात न आलेले

जपानी पुस्तके माझ्याकडे एका शाळेच्या वाटेने आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेची इमारत राहिली नाही. पुढे बरेच दिवस वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरले. उन्हाळ्यात पत्रा तापे, पावसात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसे. नंतर केव्हातरी तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादातून वाचले. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा, नव्या मुलीचे बोलणे पहिल्याच भेटीत चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलेली ती शाळा. पत्र्याखाली शिकवलेल्या माणसाला ते पुस्तक परके वाटण्याचे कारणच नव्हते.

त्या शेडमध्ये शिकलेला एक विद्यार्थी आता पुण्यात नोकरी करतो. मी निवृत्त झाल्यावर त्याने हारुकी मुराकामी यांची दोन पुस्तके आणून दिली. म्हणाला, “गुरुजी, ही वाचा. आपल्याकडचंच आहे असं वाटेल.” इंग्रजी अनुवाद होते. शब्दकोश शेजारी ठेवून, दिवसाला आठ-दहा पाने अशा चालीने वाचून काढले.

पहिले ‘आफ्टर द क्वेक’, सहा कथांचे. मूळ जपानी २००० सालचे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरले. ६,४०० हून अधिक माणसे गेली. आमच्याकडे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून उशिरा आलेले गाव गाढ झोपेत होते. तिथेही झोपलेलीच माणसे दबली. कोबेतल्या जुन्या लाकडी घरांवर जड कौले होती. आमच्या घरांवर माळवदाची माती, आणि खाली चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर चढवलेली ती माती एका मिनिटाच्या आत खाली आली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, पलीकडे किल्लारी... लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

मुराकामींचे बालपण कोबेच्या परिसरात गेले. भूकंपात त्यांच्या आईवडिलांचे घर पडले. तरी या सहा कथांत एकही पात्र ढिगाऱ्याखाली सापडलेले नाही. सगळी दूर आहेत. एक बाई पाच दिवस टीव्हीसमोर बसून पडझड पाहते आणि नवऱ्याला सोडून निघून जाते. एका लहान मुलीला झोपेत ‘भूकंपवाला माणूस’ दिसतो. तो तिला छोट्याशा पेटीत कोंबायला बघतो. हे वाचताना मला माझा धाकटा भाऊ आठवला. भूकंपाच्या वेळी तो भिवंडीत यंत्रमागावर होता. त्याने ढिगारा पाहिला तो तिसऱ्या दिवशी. पण तेव्हापासून तो छताखाली झोपत नाही. पावसाळ्यातही ओसरीच्या कडेला बाज टाकतो. घरचे हसतात, “तू तर तिथं नव्हतास!” तो काही बोलत नाही. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मला या कथांनी सांगितला.

दुसरे पुस्तक ‘अंडरग्राउंड’, १९९७ चे. ही कथा नव्हे. २० मार्च १९९५ रोजी, सोमवारी सकाळी, ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारीन हा विषारी वायू सोडला. काही काळाने मुराकामींनी एका मासिकात एका बाईचे पत्र वाचले. तिच्या नवऱ्याला त्या वायूची बाधा झाली होती. पुढे काम झेपेना, सोबतच्यांनी बोलून बोलून हैराण केले, शेवटी नोकरी गेली. ते पत्र त्यांच्या मनातून जाईना. मग त्यांनी जवळपास साठ माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटली. ‘त्या दिवशी काय झाले’ हा प्रश्न ते आधी विचारत नाहीत. कुठे जन्मलात, काम कोणते, घरी कोण कोण, हे आधी. माणूस उभा राहिला की मग ती सकाळ. लिहून झालेला मजकूर ते त्या माणसाला दाखवत आणि तो म्हणेल ते काढून टाकत. पुढे ते त्या पंथाच्या अनुयायांनाही भेटले, त्यांचेही ऐकून घेतले. नाव ऐकताच ज्यांच्याबद्दल मत ठरवले जाते, त्या आपल्यासारख्यांना या ऐकून घेण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आमच्या भूकंपावर लिहिले गेले नाही असे नाही. अहवाल झाले, कविता झाल्या. पण खेड्यातल्या माणसाला विचारले गेले ते बहुधा पंचनाम्यापुरते. माझ्या फुफीच्या नावापुढे असेच लिहिले होते: घर पूर्ण पडले, मयत दोन, शेळी एक.

मी वही घेऊन फुफीकडे गेलो आणि बांगड्यांपासून सुरुवात केली. ती मनियारीण. डोक्यावर टोपली घेऊन आसपासची चार गावे फिरायची. कोणत्या बाईला कोणते माप, हात कठीण की मऊ, कोणाला हिरव्याशिवाय चालत नाही, सगळे तिला पाठ. त्या वर्षी गौरीगणपतीला तिने घराघरांत चुडे भरले होते. तीन दिवस ती हे असले सांगत राहिली. चौथ्या दिवशी आपणहून पुढचे बोलली. बाहेर काढलेल्या बायकांचे चेहरे ओळखू येत नव्हते. मग लोक तिला बोलवायला आले. तिने हात पाहिले. काही बांगड्या फुटलेल्या, काही तशाच. तिने एकेक नाव सांगितले. अकरा नावे. स्वतःची सून त्यांत तिसरी. त्यानंतर तिने टोपली उचलली नाही. का, हे कोणी विचारले नाही. मला म्हणाली, “इत्ते सालां हो गये बेटा, ये किसी ने पूछ्या नई.”

तेव्हा तिशीत असलेली माणसे आता साठी ओलांडून गेली आहेत. फुफी तर ऐंशीला आली. आपल्यात लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे. दखनीत बोलली तर दखनीतच उतरवावे, शुद्धलेखन नंतर पाहता येईल. मोठ्या ग्रंथाची वाट पाहण्याइतका वेळ या माणसांपाशी नाही.

सगळे लिहून झाल्यावर मी फुफीला वाचून दाखवले. डोळे मिटून ऐकत होती. सातव्या नावाशी तिने हात वर केला. म्हणाली, “ये काट दे. इस की बेटी जिंदी है. अम्मा का मूं नई पैचानते आया, ये उसे नई मालूम.”

मी ते नाव खोडले. वहीत आता दहा नावे आहेत.