टाचणात न मावणारा प्रसंग

आज बी.एड.ला 'लिंगभाव, शाळा आणि समाज'चा तास. पेपर अभ्यासक्रमात आहे, पण गाडी एरवी मुलगा-मुलगी समानतेपाशीच थांबते. म्हणून सरळ प्रसंगच दिला: आठवीचा वर्ग, तुम्ही फळ्यावर लिहिताय, मागून एका मुलाला 'ए बायल्या' अशी हाक येते. काय कराल? बहुतेक जण म्हणाले, पालकांना बोलावू. कुणाच्या? तर त्याच्याच! चिडवणारे मोकळे.

घरी कळलं तर मार बसतो, शाळाही सुटू शकते, हे यांना कुणी शिकवलेलंच नाही. एनसीईआरटीने २०२१मध्ये ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशनावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली आणि ती काही दिवसांत संकेतस्थळावरून गायब. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७चा निकालही २०१८चा. माझ्या या वर्गातले बरेच जण तेव्हा शाळेतच होते.

एकीने विचारलं, "मॅडम, तो स्वतःच येऊन बोलला तर?" म्हटलं, ऐकून घे. कुणाला सांगायचं ते त्याला ठरवू दे. चिडवणं मात्र तिथल्या तिथे, वर्गासमोर थांबवायचं. सराव पाठात हा प्रसंग घालणार आहे. निरीक्षण तक्त्यात त्याला रकाना नाही, आखीन मीच.