मास्तर आणि मिस्त्री

आमच्या गावात मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. चार कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी मी आपला मास्तर तो मास्तरच! या हाकेत आदर किती आणि कीव किती, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही.

परवा रद्दीत मिळालेला एक फ्रेंच कोश चाळता चाळता 'मेत्र' हा शब्द भेटला. मेत्र म्हणजे धनी, गुरू, कसबी कारागीर. मी त्याचे मूळ शोधीत गेलो, तो निघाले लॅटिन 'मागिस्तेर'. आणि त्याच्याही पोटात 'मागिस', म्हणजे अधिक. जो इतरांहून अधिक, तो मास्तर! उलट 'मिनुस' म्हणजे उणे; त्यापासून 'मिनिस्तेर', म्हणजे सेवक, आणि त्याचाच पुढे मिनिस्टर झाला. (मंत्रिमहोदय शाळेत येणार म्हणून पटांगण झाडून घेताना मला हे ठाऊक हवे होते!)

जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द 'मैस्त्र' होता. मधला 'स' उच्चारातून केव्हाच गळाला होता. फ्रेंच अकादमीने १७४० च्या कोशात तो लिहिण्यातूनही काढला आणि त्याची आठवण म्हणून अक्षराच्या डोक्यावर एक टोपी ठेवली. फ्रान्सात वकिलाला आजही 'मेत्र' म्हणून हाक मारतात. प्राथमिक शाळेतला शिक्षकही मेत्रच. शिक्षिकेला 'मेत्रेस' म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ दिवाळी अंकात न सांगितलेलाच बरा.

याच घराण्यातला इंग्रजी 'मास्टर' आपल्याकडे येऊन मास्तर झाला. आणि पोर्तुगिजांचा 'मेस्त्रे' आपल्या किनाऱ्यावर उतरला, त्याचा झाला मिस्त्री.

इथे मी कोश मिटला.

माझे वडील गवंडी. पंचक्रोशीत त्यांना मिस्त्री म्हणतात. मी सातवीत असताना गुरुजींनी एकेकाला बापाचा धंदा विचारला, तेव्हा मी 'शेती' असे ठोकून दिले. आमची शेती म्हणजे परसातली भोपळ्याची दोन आळी! नेमके त्याच वेळी वडील शाळेच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा करीत होते, आणि खिडकी उघडी होती. त्यांनी ऐकले की नाही, हे विचारण्याचा धीर मला तीस वर्षांत झाला नाही.

संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. ते ओळंब्याचा दोरा गुंडाळीत होते.

"आबा, मास्तर आणि मिस्त्री हा मुळात एकच शब्द आहे."

"असं का?" ते म्हणाले. दोरा गुंडाळून झाला. तो खिळ्याला अडकवून ते वळले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"मग ती शेती कुणाची रे, मास्तर?"