नस की मांस

गेल्या आषाढात नांदेडच्या एका दवाखान्यात माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. हात टेबलावर उताणा ठेवला होता, अंगठ्याच्या उंचवट्यावर चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावले होते, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा एक तंत्रज्ञ मनगटावर दोन टोकांची दांडी टेकवून म्हणत होता, "काका, हात सैल सोडा. थोडा झटका बसेल." तीस वर्षं मी बोकडाच्या श्वासनळीला झटके देत आलो, पण स्वतःच्या अंगावर एकही घेतला नव्हता.

झटक्यापेक्षा माझं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. तो करंट थोडा थोडा वाढवत होता. पडद्यावरची लाट उंच होत गेली, मग एका जागी थांबली, वाढेना. तेव्हा त्याने आणखी थोडा करंट दिला, लाट तेवढीच राहिल्याची खात्री केली आणि मगच आकडा टिपला. पल्स, म्हणजे एकेका झटक्याची लांबी, होती ०.२ मिलिसेकंद. नंतर कोपरात झटका दिला, टेपने अंतर मोजलं, भागाकार केला. कुठे घाई नाही. मनगटापासून अंगठ्यापर्यंत पोचायला माझ्या मज्जातंतूला ५.८ मिलिसेकंद लागत होते. साडेचारच्या आत लागायला हवेत. डॉक्टर म्हणाले, "मनगटात नस दबली आहे, सर."

तिथवर मी गेलो होतो तो दोऱ्यामुळे. श्वासनळीची कडी कापून, कूर्चेचा कमान-भाग मधोमध तोडून ती उघडली की मागच्या बाजूचा फिकट गुलाबी स्नायूचा पट्टा मध्ये येतो. दोरा कूर्चेतून ओवायचा, स्नायूला सुई लागू द्यायची नाही, आणि गाठ इतकीच आवळायची की ती घसरू नये, पण पट्टाही चेपू नये. हे डोळ्यांनी होत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, ही तीन बोटं गाठीचा ताण सांगतात. माझी नेमकी हीच तीन बोटं बधिर झाली. रात्री मुंग्या यायच्या, हात झटकत उठायचो. दिवसा गाठ सुटायची आणि पट्टा बाथच्या, म्हणजे तो ज्या मिठाच्या पाण्याच्या काचपात्रात टांगतात त्याच्या, तळाशी जाऊन बसायचा. एका आठवड्यात चार टिश्यू वाया गेले, तेव्हा मी दोरा विद्यार्थिनीच्या हातात दिला.

ती सेनगावकडची. घरी हळद. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिजवण, वाळवण, पॉलिश या सगळ्यात हात घातलेली मुलगी, त्यामुळे तिची बोटं घाबरत नाहीत. पहिल्याच दिवशी तिने माझ्यापेक्षा सरस गाठ मारली. मग स्टिम्युलेटरसमोर बसून विचारलं, "सर, पल्स किती ठेवू?"

मी म्हणालो, "पाच मिलिसेकंद."

"पाच का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. तेरा वर्षांपासून होतं. ते मी दिलं नाही, "आधी मी सांगतो तेवढं कर" म्हणालो. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराचा आहे.

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही नस. हाताची नस फुगते, मानेची नस आखडते, पाठीत नस दबते. घरात या सगळ्याला एकच शब्द पुरतो. माझ्या कामात मात्र एवढ्याने भागत नाही, कारण माझ्या कामाचा सगळा पेच एका प्रश्नात आहे: झटका दिला, पट्टा आखडला, तर उत्तर दिलं कोणी? नसेने की मांसाने?

विद्यार्थिदशेत आम्ही बेडकाच्या पायावर हा धंदा शिकलो. काजळी धरलेला ड्रम, लाखेच्या वार्निशात बुडवलेला कागद, आणि मांडीतून सोडवून घेतलेली सायटिक नस. ती पांढऱ्या दोऱ्यासारखी वेगळी हातात असायची. तिच्यावर झटका दिला की पोटरी उडायची, आणि उत्तर नसेचंच हे दिसायचं. गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायाबद्दल लिहिलं, तेव्हाही नस डोळ्यांसमोर होती. श्वासनळीत किंवा आतड्यात तसं नसतं. तिथले तंतू मांसातच विरलेले असतात, ते चिमट्यात धरता येत नाहीत. म्हणून टिश्यूच्या दोन्ही बाजूंना तारा उभ्या करून मधल्या सगळ्या जागेतून विजेचं क्षेत्र सोडतात. शेतात पाटाचं पाणी सोडावं तसं ते सगळीकडे जातं, पिकालाही आणि तणालाही. पुढे ऑक्सफर्डला गेलेल्या पेटन यांनी १९५५ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर हे केलं. एक तार आतड्याच्या पोकळीत, दुसरी बाहेर. पुढचं सगळं काम या युक्तीवर उभं राहिलं.

पिकाला आणि तणाला वेगळं करायची सोय निसर्गाने ठेवली आहे. मज्जातंतू लवकर जागा होतो. मिलिसेकंदाचा अंश त्याला पुरतो, तर मांसाला जास्त वेळ लागतो. म्हणजे पल्स आखूड ठेवली तर बहुतेक करून नसच बोलते, लांबवली की मांसही बोलू लागतं. एवढ्यावर विसंबायचं नाही, तपासणी करायची. फुगा माशाचं विष टेट्रोडोटॉक्सिन नसेला गप्प करतं आणि अशा गुळगुळीत स्नायूला सोडून देतं. ते दिल्यावरही पट्टा आखडत असेल तर उत्तर मांसाचं. ते विष आमच्या रसायनांच्या वार्षिक खर्चात कधी बसलं नाही. लिग्नोकेन देऊन पाहिलं, पण त्याच्या जास्त मात्रेने मांसही मंदावतं, आणि मग कोण गप्प झालं ते कळत नाही. राहिलं ॲट्रोपिन. कयाधूच्या काठावर जो धोत्रा वाढतो, त्यातही याच घराण्याची द्रव्यं आहेत. ॲट्रोपिन मेडिकलच्या दुकानात मिळतं, महाग नाही. श्वासनळीच्या नसा ॲसिटिलकोलीन सोडतात, ॲट्रोपिन ते मांसाला लागू देत नाही. ॲट्रोपिननंतर रेघ सपाट झाली तर आखडणं नसेमुळे होतं असं म्हणता येतं. ती सपाट झाली नाही, तर थांबून विचार करायचा असतो.

मी थांबलो नाही.

२०११ साल होतं. पूर्वी मुंबईच्या केईएममध्ये औषधशास्त्र शिकवणाऱ्या शरदिनी डहाणूकर आयुर्वेदातली औषधं आधुनिक कसोट्यांवर तपासत आणि 'फुलवा'सारखं मराठीही लिहीत, हे मला फार मोठं वाटायचं. आपणही आपल्या मातीतलं काही बाथमध्ये घालून पाहावं असं मनात होतं, आणि हिंगोलीत राहून हळदीशिवाय दुसरं काय सुचणार? कॉलेजात तेव्हा स्टीलच्या तारा होत्या. मिठाच्या पाण्यात स्टील लवकर बिघडतं, तारांवर बुडबुडे धरतात, करंट पडतो. त्यात भारनियमन. बाथ ३७ अंशांवर ठेवायला हिवाळ्यात वीज नसायची, आणि मे महिन्यात हीटर बंद ठेवूनही पाणी ३७ च्या वर जायचं, बर्फाच्या पिशव्या लावाव्या लागायच्या. आखूड पल्सला पट्टा जेमतेम हलायचा, एक रेघ उंच, तर दुसरी बुटकी. एका संध्याकाळी मी पल्स लांबवली. पाच मिलिसेकंदांवर एकसारख्या उंचीची शिखरं येऊ लागली, ओळीने, सुबक. हळदीचा अर्क घातला आणि ती उतरत गेली. बाथची काच पिवळी झाली. माझ्या हातून एवढा देखणा आलेख त्याआधी निघाला नव्हता. मी तो फ्रेम करून खोलीत टांगला.

ॲट्रोपिन मी दिलं होतं. शिखर निम्म्यावर आलं आणि तिथेच राहिलं. उरलेलं निम्मं मांसाचं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं, कारण हे मी दर वर्षी वर्गात शिकवत होतो. तो कागद मी फाईलमध्ये सरकवला.

एका परिषदेत हे काम वाचलं. हळद नसेतून होणारा स्राव रोखते, असा माझा दावा होता. मागच्या रांगेतून एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "ॲट्रोपिन दिलंत का?" मी म्हणालो, "दिलं." "मग?" "उतरला." उतरला हे खरं होतं. निम्मा उतरला हे मी सांगितलं नाही. टाळ्या पडल्या, पुढे लेख छापून आला. तारा वाईट होत्या, वीज नव्हती, हे सगळं खरं आहे, पण त्या एका शब्दाचा दोष तारांना देता येत नाही. मला त्या आलेखाची उंची आवडली होती, आणि हिंगोलीहून आलेल्या माणसाने असा आलेख आणला म्हणून लोक माना वळवून पाहत होते, तेही आवडलं होतं.

याच कामातलं सगळ्यात मोठं यश कसं आलं ते मी मुलांना नेहमी सांगायचो. ॲबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूचा अर्क उंदराच्या शुक्रवाहिनीवर घातला. विजेने आखडणारी ती नळी शांत झाली. एवढ्यावर ते नाचले नाहीत. मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन देऊन पाहिलं, आणि नळी पुन्हा आखडू लागली. त्या तपासणीच्या बळावर १९७५ मध्ये ते म्हणू शकले की मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखं द्रव्य तयार करतो, आणि त्याला एन्केफॅलिन हे नाव मिळालं. हे मी रंगवून सांगायचो, आणि माझ्या पाठीमागे भिंतीवर ती फ्रेम असायची.

आता या कामाचं काय चाललं आहे त्याबद्दल थोडं बोलतो. २०११ सालीच यूजीसीने जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं. बेडूक वाचला याचा मला आनंद आहे. पहिल्या पावसात आमच्या शेतांच्या बांधावर पिवळेधमक नर ओरडतात, ते ओरडत राहावेत. पण बेडकाच्या जागी जे संगणकाचं प्रॅक्टिकल आलं, त्यात औषधाचं बटण दाबलं की आलेख दर वेळी बरोबरच येतो. न आखडणारा पट्टा तिथे नाही, घसरणारी गाठ नाही, निम्म्यावर थांबणारं शिखर नाही. त्यामुळे खोटं बोलण्याचा मोहही नाही आणि तो आवरण्याचा सरावही नाही. खाटकाकडे जी नळी एरवी फेकली जाते तिच्यावर काम करायला कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. आमचे चाचा सकाळी सहाला सुरीखालचा, फुप्फुसाकडचा अखंड भाग माझ्यासाठी बाजूला ठेवतात. बर्फातल्या द्रावणाचा थर्मास घेऊन गेलं की झालं. एवढं सोपं असताना किती कॉलेजांत बाथ कपाटात पडून आहेत! आणि मोठ्या शहरांतल्या सुसज्ज प्रयोगशाळांचे लेख वाचताना मी आधी पल्सची लांबी शोधतो. ती लिहिलेली नसेल तर पुढे वाचत नाही. माझ्या लेखात ती होती, पण तिचा अर्थ मी लपवला होता. ते जास्त वाईट.

आमच्याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनहूनही कितीतरी लहान थरथर टिपायची. तिथल्या लोकांपुढेही हाच प्रश्न येणार: ही थरथर ताऱ्यांची की रस्त्यावरच्या ट्रकची? त्या बाजूने जाताना मला ते लोक माझ्या धंद्यातले वाटतात.

नांदेडहून परतल्यावर आठवडाभर मला त्या तंत्रज्ञाचा हात आठवत राहिला. लाट वाढायची थांबेपर्यंत करंट, मग थोडा जास्त, पण पल्स आखूडच. कोणी तपासणार नसताना, एका म्हाताऱ्याच्या मनगटासाठी, त्याने एकही पायरी गाळली नाही. मी विद्यार्थिनीला बोलावलं, फ्रेम खाली उतरवली, फाईलमधला तो निम्म्यावर थांबलेला कागद काढला आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवले. तिने बराच वेळ पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "सर, पहिल्यापासून करू."

आता तारा प्लॅटिनमच्या आहेत. सराफ्यातून घेतल्या, तांब्याशी जोडलेला सांधा आरल्डाइटने बंद केला, म्हणजे तो मिठाच्या पाण्याला लागत नाही. गाठ तिची. पल्स ०.३ मिलिसेकंद, सेकंदाला दहा, दहा सेकंदांची माळ, दर दोन मिनिटांनी. शिखरं बुटकी आली, पण स्थिर. ॲट्रोपिन घातलं आणि रेघ सपाट झाली, अगदी जमिनीला टेकली. ॲट्रोपिन तसंच ठेवून तिने पल्स पाच मिलिसेकंदांवर नेली, तर सपाट रेघेतून शिखर पुन्हा उठलं. ते मांस होतं. दुसऱ्या दिवशी ताज्या पट्ट्यावर, विजेशिवाय, नुसतं ॲसिटिलकोलीन घालून पट्टा आखडवला. अर्काने तोही सैल पडला. अर्क ज्यात काढला होता त्या नुसत्या अल्कोहोलने, तेवढ्याच मात्रेत, पडला नाही. म्हणजे २०११ चा उतार नसेतला स्राव रोखल्याचा पुरावा नव्हता. हळद थेट मांसावर काम करत होती.

हे चारही आलेख एका कागदावर चिकटवून त्यावर तिने तारीख घातली आणि माझी सही घेतली. सही वेडीवाकडी आली, कारण तीन बोटं अजून बधिरच आहेत. तो कागद दुरुस्तीच्या पत्रासोबत मी गेल्या महिन्यात त्या नियतकालिकाच्या संपादकांना पाठवला आहे. पत्र छापून येईपर्यंत कोणाच्या हाती माझा तो जुना लेख आला, तर त्यातली तिसरी आकृती आणि तिच्याखालचा निष्कर्ष कृपया वापरू नका.