बिनगुणांची वही

आपल्याला मुळीच येत नाही असे एखादे तरी काम माणसाने नेमाने करावे, असे माझे मत आहे. पोटासाठी जे काम करायचे ते आपल्याला येते. निदान येते असे दाखवावे लागते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांना गुण द्यायचे आणि रात्री स्वतः दोन ओळी लिहायला बसलो, की त्यांनाही मनातल्या मनात गुण देत राहायचे! म्हणून मी चित्रे काढतो. मला चित्रकला येत नाही. माझा बैल आणि माझी खुर्ची यांत विलक्षण साम्य असते. पाय दोघांनाही चारच!

ही चित्रे ज्या वहीत काढतो ती मीच शिवतो. चांगली तळहाताएवढी असते. दिवाळीच्या सुट्टीत जाड कागदाचे दोन-तीन ताव आणायचे आणि घडीवर पट्टी ठेवून फाडायचे. कात्री नको, फाडलेल्या कडेला जी लव येते, ती कात्रीला साधत नाही. चार-चार पाने एकात एक घालून दुमडायची, घडीवर दाभणाने भोके पाडायची आणि मेण ओढलेल्या दोऱ्याने शिवायची. पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा, त्यावर सौभाग्यवतीच्या जुन्या इरकलीचा काठ. खळ मैद्याची, तीत मोरचुदाची चिमूट टाकावी, नाहीतर आपल्या कलेचा पहिला रसिक म्हणजे कसर! रंग म्हणाल तर मुलीच्या शाळेतले उरलेले, आणि चहाचे पाणी. जुन्या भिंतीचा रंग चहासारखा दुसऱ्या कशानेच उतरत नाही.

आमच्या मराठवाड्याला हे वेड नवे नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) तर सुमारे ४० फूट लांब कापडावर पंचीकरण लिहून काढले. ती त्यांची प्रसिद्ध पासोडी. पासोडी म्हणजे पांघरूण. थंडीत अंगावर घ्यायची वस्तू या गृहस्थाने लोकांना वाचायला दिली! त्यांच्यापुढे माझी वही म्हणजे चिंधीच. पण जात तीच, अशी मी आपली समजूत करून घेतो.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? मोबाइलमध्ये नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची माझ्याकडे ढीगभर छायाचित्रे आहेत, आणि त्यांतले एकही मी पुन्हा उघडून पाहिलेले नाही. वहीत मात्र गोदावरीचा घाट काढायला बसलो, की पायऱ्या मोजाव्याच लागतात. नांदेड-लातूर एस.टी. अहमदपूरला थांबते, तेवढ्या वेळात मी स्टँडवरचे काहीबाही उतरवून घेतो. एकदा शेजारचे पटकेवाले आजोबा बराच वेळ वहीत डोकावत होते. शेवटी म्हणाले, “म्हैस झ्याक हाय.” मी त्यांचेच चित्र काढत होतो.

लातूरला मी जातो ते थोरल्या भावाकडे, आईला भेटायला. मागच्या खेपेला तिथे बसून मी आठवणीने आजोळ काढत होतो. किल्लारीच्या अलीकडचे ते गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे झोपली असताना भूकंप झाला आणि घर गेले. आजी त्या घरातच राहिली. गाव पुढे दुसऱ्या जागी वसले. सरळ रस्ते, एकसारखी घरे. जुन्या घराचे छायाचित्र कुणापाशीच नाही. आई त्या घराविषयी कधी बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू.

तिने चष्मा लावला, वही हातात घेतली आणि म्हणाली, “आरं, चुलीचं तोंड तिकडं कुठं? उगवतीला होतं. आण ती पेन्सिल.”

आईने जन्मात रांगोळीखेरीज काही काढलेले नाही. त्यामुळे तिने आधी ठिपके दिले आणि मग ते जोडीत गेली. ढाळज, ओसरी, देवघर, धान्याचे बळद, माळवदावर जायचा दगडी जिना. भिंतीसाठी तिने एक रेघ काढली नाही. दोन काढल्या, मध्ये चांगले बोटभर अंतर ठेवून. “दोन हात रुंद होत्या भिंती. उन्हाळ्यात अंग टेकलं की गार वाटायचं.” दगडमातीच्या त्या भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद. त्या पहाटे तेच सगळे खाली आले. हे ती बोलली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात तिने एक ठिपका दिला. “इथं माय निजायची.” तो ठिपका तिने कशालाच जोडला नाही.

मी काय बोलणार? पेन्सिलीला टोक करून दिले.

मग तिने पान उलटले आणि परसातला आड काढायला घेतला. आडानंतर लिंब, लिंबाखाली गोठा. माझी वर्षाची वही तिने तिसऱ्या प्रहरापर्यंत संपवली. तिचे बैल माझ्यापेक्षा बरे आहेत. निदान खुर्चीसारखे दिसत नाहीत. या दिवाळीत मला दोन वह्या शिवायच्या आहेत. तिची मोठी हवी, असा निरोप आला आहे. तळहाताएवढ्या पानात गोठा मावतो, पण गल्ली मावत नाही, आणि गल्लीतली सगळी घरे तिला अजून काढायची आहेत.