अर्जंट

प्लेटलेट १८,००० असा आकडा आमच्या लॅबच्या मशीनने दाखवला की तो तसाच वॉर्डला कळवता येत नाही. आधी जांभळ्या झाकणाची व्हायल तिरकी करून गुठळी आहे का बघायची. मग स्मिअर काढायची, लिशमनने रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली प्लेटलेटचे पुंजके शोधायचे. काही जणांच्या प्लेटलेट व्हायलमधल्या ईडीटीए या रसायनामुळेच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या कमी दिसतात. या सगळ्याला वेळ लागतो. तेवढ्यात फोन वाजतो, "मॅडम, रिपोर्ट झाला का?"

पावसाळा सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि प्रत्येक फॉर्मवर 'अर्जंट' लिहिलेलं असतं. सगळंच अर्जंट असलं की आधी काय लावायचं, हे रात्री दोन वाजता माझं मी ठरवायचं. पोटॅशियम ७ आलं आणि सीरम लालसर दिसलं, तर रक्त काढताना पेशी फुटल्या असणार, म्हणून सॅम्पल परत मागायचं. सिस्टर वैतागतात. त्यांचाही दोष नाही, त्याही वॉर्डात एकट्याच असतात. खिडकीपाशी नातेवाईक उभे असतात; त्यांच्या लेखी बटण दाबलं की कागद बाहेर येतो.

कामाचा ढीग मला कधी जड गेला नाही. जड गेली ती सततची धास्ती. ब्लड ग्रुप लावला तरी घरी आल्यावर मनात पुन्हा लावायचा. गॅस बंद केलाय ना, हे उठून दोनदा बघायचं. दिवसा झोपले तर झोपेत फोन वाजायचा.

तरी आपल्याला काही झालंय, हे कळलं ते एका स्लाइडमुळे. लहान मुलाची स्मिअर होती, फील्डमागून फील्ड ब्लास्ट पेशी, म्हणजे बहुधा रक्ताचा कॅन्सर. पूर्वी असं दिसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. त्या रात्री पहिला विचार आला तो हा की आता पॅथॉलॉजिस्ट मॅडमना उठवायचं, म्हणजे आणखी अर्धा तास गेला. मुलाचं नाव मी वाचलंही नव्हतं, बारकोड तेवढा जुळवला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: थकवा, कामातून मन उठणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझी गाडी दुसऱ्यावर आली होती. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणातून आलेली स्थिती म्हणते. मला ते पटतं. मला कोणी योगा करा म्हणालं, कोणी सुट्टी घ्या म्हणालं. सुट्टी घेतली, बरंही वाटलं. परत आले तेव्हा ड्यूटीचा तक्ता तोच होता.

आरोग्यसेवेतल्या व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने लॅबवाल्यांना आरोग्य व्यावसायिकांत रीतसर जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण रात्रपाळीला लॅबमध्ये माणूस अजून एकच असतो.

डॉक्टरांना आणि सिस्टरांना एकच विनंती. व्हायलवर नाव पेशंटच्या पलंगापाशीच लिहा, फॉर्मवर तापाचा कितवा दिवस ते टाका आणि 'अर्जंट' खरोखर असेल तेव्हाच लिहा. हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी नवं मशीन घेण्याआधी रात्रीसाठी दुसरा टेक्निशियन नेमावा.